सुट्टी झाली, पण समजलं काय?

दवाखान्यातून सुट्टी झालेला पेशंट घरी जायच्या आधी कुठं थांबतो? आमच्या जतमध्ये तरी मेडिकलात थांबतो. मिरज-सांगलीहून गाडी आलेली असते, ऐंशी-नव्वद किलोमीटर रस्ता झालेला असतो, पेशंट मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेला असतो, आणि एखादा पोरगा फाईल आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन काउंटरवर येतो. "भाऊ, जरा बघा की, यातल्या कुठल्या कधी द्यायच्या?"

त्याला विकत काहीच घ्यायचं नसतं. औषधं तिथल्याच मेडिकलातून पिशवीभर घेतलेली असतात. त्याला फक्त विचारायचं असतं.

बावीस वर्षं मी काउंटरवर आहे. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, त्यामुळं कुणाच्या उपचारावर बोलायचा मला अधिकार नाही, आणि बोलणारही नाही. मिरजेसारखं मोठ्या दवाखान्यांचं गाव हाताशी आहे, हे आपलं नशीबच म्हणायचं. पण या पिशव्या रोज बघून एक गोष्ट मला दिसते ती लिहितो. लाख-दीड लाख खर्चून, योजनेतून किंवा जमीन गहाण टाकून केलेला इलाज पुढच्या पंधरा दिवसांत घरात बिघडतो, आणि बऱ्याचदा त्याचं कारण एवढंच असतं की घरी काय करायचं ते करणाऱ्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

सुट्टीचा दिवस आठवा. ज्यांनी पेशंट नेलाय त्यांना सगळं माहीत आहे. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणतात, "आज सोडूया." तिथून धावपळ सुरू. बिल, इन्शुरन्सची मंजुरी, योजनेत असेल तर आरोग्यमित्राकडं कागद आणि अंगठा. दुपारचे तीन वाजतात. गाडीवाला फोन करून करून वैतागलेला. पेशंटला कधी एकदा घरचं अंगण दिसतंय असं झालेलं. अशा वेळी सिस्टर फाईल घेऊन येतात आणि एका दमात सांगतात, "ही सकाळी उपाशीपोटी, ही दोनदा जेवणानंतर, ही रात्री, ही लागली तरच, टाके ओले करू नका, मीठ कमी, आठ दिवसांनी दाखवायला या. कळलं ना?" सगळे माना डोलावतात. झाली सुट्टी.

आता बघा, मान कोण डोलावतं. गाडी घेऊन आलेला पुतण्या. बिल भरणारा भाऊ. जो त्या तासाला तिथं हजर आहे तो. आणि औषध द्यायचं काम कुणाचं? घरी वस्तीवर असलेल्या सूनबाईचं. ती दवाखान्यात एकदाच येऊन गेलेली असते, तेही डबा द्यायला. तिच्यापर्यंत काय पोचतं? पिशवी. आणि पुतण्याच्या तोंडून, "सगळं त्या कागदावर लिवलंय."

तो कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड. पूर्वी अक्षर लागायचं नाही, आता छापील मिळतं, एवढीच सुधारणा. आहे इंग्रजीतच. ते इंग्रजीत असावं याला माझी हरकत नाही, कारण ते कार्ड पुढच्या डॉक्टरांसाठी असतं. उद्या पेशंटला पुण्याला किंवा विजयपूरला न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना दोन मिनिटांत कळलं पाहिजे काय झालं होतं, काय केलं. त्या कामाला ते कार्ड उत्तम. अडचण अशी आहे की पेशंटच्या घरासाठी वेगळा कागदच नसतो. मग तोच कागद सूनबाईनं वाचायचा. त्यात ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस असली अक्षरं. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागली तर. बारावी झालेल्या पोरालाही हे माहीत असायचं कारण नाही. एका पोरानं मला विचारलं होतं, "एसओएस म्हंजे अर्जंट न्हवं का? आम्ही तीच पहिल्यांदा देतोय." त्याची चूक नाही. सिनेमात एसओएस म्हणजे अर्जंटच असतं.

आता एका आजींची गोष्ट सांगतो. गाव आणि नातं बदललंय, बाकी घडलं तसं.

संधिवातानं हातपाय आखडलेले. आठ दिवस ऍडमिट होत्या, चांगला गुण आला. सुट्टी होताना बाकी औषधांबरोबर मेथोट्रेक्सेट दिलं होतं. ज्यांच्या घरात संधिवात आहे त्यांना हे नाव माहीत असेल. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या एका वारी. तिच्या जोडीला फॉलिक ऍसिड देतात, ते वेगळ्या दिवशी. आजींच्या पिशवीत दोन्ही गोळ्या पिवळ्या होत्या आणि दोन्ही बारक्या. कार्डावर इंग्रजीत "आठवड्यातून एकदा" असं स्पष्ट छापलेलं होतं. दवाखान्याचा कागद चुकला नव्हता. पण घरी रोजच्या रोज चालू झालं, कारण गोळी म्हटली की रोज, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं.

नवव्या-दहाव्या दिवशी नातू स्ट्रिप घेऊन आला, "ही संपली, अजून एक द्या." दहा गोळ्यांची स्ट्रिप दहा आठवड्यांऐवजी दहा दिवसांत संपली होती. मी विचारलं, आजींच्या तोंडात काही झालंय का? "तोंड आलंय ओ, पाणीसुद्धा गिळवंना. उष्णता झालीय म्हणून सब्जा देतोय." त्याला तिथनंच फोन करायला लावला, त्याच संध्याकाळी आजींना परत नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या. बारा दिवस राहावं लागलं. वाचल्या. अजून चार दिवस सब्जा चालू राहिला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको.

मेथोट्रेक्सेटची ही गफलत फक्त आपल्याकडं होते असं नाही. जगभरात माणसं दगावलीत यात, शिकल्या-सवरल्या देशांतही. म्हणून तर मी म्हणतो की हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. "खेड्यातले लोक ऐकतच नाहीत" असं म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

रॉय केसेल्स नावाच्या डच मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालचा एक लेख आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीतली ४० ते ८० टक्के माणूस लगेच विसरतो, आणि जी आठवते त्यातलीही जवळजवळ निम्मी चुकीची आठवते, असं त्यात मांडलंय. ही परदेशातली गोष्ट. तिथं बिल भरायची रांग आणि खाली हॉर्न वाजवणारा गाडीवाला नसतानाही.

दुसरा मोठा घोळ "कोर्स" या शब्दाचा. आपल्याला तापाच्या, जुलाबाच्या औषधांची सवय. पाच दिवसांच्या गोळ्या, संपल्या की दुखणं संपलं. हाच हिशेब लोक हार्टच्या औषधाला लावतात. अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळतात. पंधराच दिवसांच्या का? कारण पंधराव्या दिवशी परत दाखवायला यायचं असतं. पण घरात अर्थ निघतो, पंधरा दिवसांचा कोर्स. एक शेतकरी अण्णा स्टेंटनंतर महिन्याभरानं दुकानात आले ते ऍसिडिटीची गोळी मागायला. हार्टच्या गोळ्या चालू आहेत ना, विचारलं. "त्या संपल्या की कवाच. आता झ्याक हाय." त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की बरं वाटतंय ते त्या गोळीमुळं, आणि नव्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी धरायचा धोका पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो. ही गोळी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही, दात काढायचा असला तरीसुद्धा. एवढं एक वाक्य मोठ्या अक्षरात मराठीत छापून हातात द्यायला कितीसा खर्च येतो?

पिशवीत आणखी एक गोष्ट नेहमी सापडते, डबल गोळी. घरात आधीपासून बीपीची गोळी चालू असते, एका कंपनीची. दवाखान्यातून तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावानं येतं. रंग वेगळा, नाव वेगळं. घरचे दोन्ही देतात. सकाळी उठल्यावर चक्कर, बाथरूममध्ये पडणं, कधीकधी खुब्याचं हाड मोडणं. म्हणून सांगतो, ऍडमिट व्हायला जाताना घरातल्या चालू गोळ्या सगळ्याच्या सगळ्या पिशवीत घालून न्या, आणि निघताना ती पिशवी डॉक्टरांसमोर पालथी करा. "यातल्या कुठल्या बंद, कुठल्या चालू?" एवढं विचारा. लाजायचं काही कारण नाही.

दम्याच्या पेशंटांचं तर विचारू नका. मशीनमध्ये घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे मी इतके पाहिलेत की आता ती कॅप्सूल देताना मशीन उघडून दाखवल्याशिवाय मी सोडत नाही. "गुण येत न्हाई" म्हणून डॉक्टर बदलतात लोक. औषध फुफ्फुसात जायचं ते पोटात जातंय, गुण कुठनं येणार?

आणि पथ्य. हा तर आपला जिव्हाळ्याचा विषय. डॉक्टरांनी एक सांगितलेलं असतं, शेजारच्या काकूंनी चार. कार्डावर इंग्रजीत कमी मीठ, कमी तेल, हलका आहार एवढंच. आता हलका आहार म्हणजे काय? आमच्याकडं हलका म्हणजे साबूदाण्याची खीर आणि बिस्किटं. ऑपरेशन झालेल्या माणसाला जखम भरायला डाळ, अंडी, दूध लागतं, आणि त्याला महिनाभर बिस्किटं. मीठ कमी म्हटलं की भाजीत कमी घालतात, आणि ती भाजी अळणी लागते म्हणून ताटात लोणचं, खारी मिरची आणि शेंगाचटणी. पेशंटला विचारायचं असतं अगदी साधं. ज्वारीची भाकरी चालेल का? शेंगाचटणी किती? चहा? तंबाखू एकदम सोडायची का? पांढरा कोट समोर आला की यातलं एकही तोंडातून निघत नाही, आणि माझ्या काउंटरवर सगळं निघतं. पाण्याचंही तसंच. ज्यांचं हार्ट कमजोर आहे त्यांना सांगतात, दिवसाला दीड लिटरच. दीड लिटर म्हणजे किती तांबे? आणि त्यात ताक, आमटी, चहा धरायचा, हे कोण सांगतं? अशा पेशंटानं रोज सकाळी वजन करायचं असतं. दोन-तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं म्हणजे अंगात पाणी साठतंय, दम लागायची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. घरात काटा कुठला असणार? पण गावात गिरणी आहे, गिरणीत काटा आहे. एका सूनबाईनं सासऱ्याला रोज गिरणीत नेऊन वजन वहीत लिहिलं आणि तिसऱ्या आठवड्यात वेळेवर दवाखाना गाठला. तिला ते समजावायला मला पाच मिनिटं लागली होती.

आता, सिस्टर लोकांवर खापर फोडायला हे लिहीत नाही. एका पाळीला एकटीवर किती पेशंट असतात ते वॉर्डात उभं राहिल्यावर कळतं. सलाईन, इंजेक्शन, रिपोर्ट, नवीन ऍडमिशन, आणि त्यात सुट्टीचे चार. समजावून सांगणं हे दवाखान्यात कुणाचंच नेमून दिलेलं काम नाही, ते मधल्या मधल्या वेळात उरकायचं. काही राज्यांत नूरा हेल्थ ही संस्था पेशंटच्या नातेवाइकांना वॉर्डातच बसवून घरी काय करायचं ते शिकवायचं काम दवाखान्यांबरोबर करते. सुट्टीच्या तासाला घाईनं सांगण्यापेक्षा आधीच्या दोन-तीन दिवसांत, नातेवाईक रिकामे बसलेले असताना सांगणं किती सोपं! नातेवाईक वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून दिवस दिवस बसलेले असतातच.

आणि "कळलं का?" हा प्रश्न बंद झाला पाहिजे. त्याला आपल्याकडं एकच उत्तर असतं, "हो." नाही म्हणणं म्हणजे डॉक्टरांचा वेळ घेणं, आणि वर आपण अडाणी दिसणं. मी दुकानात उलटं करतो. गोळ्या काउंटरवर मांडतो, सांगतो, आणि मग म्हणतो, "आता घरी गेल्यावर वहिनींना कसं सांगणार, ते मला सांगा." पोरगा सांगायला लागतो आणि दुसऱ्याच गोळीला अडखळतो. तिथंच कळतं काय पोचलं नाही. मग तेवढंच परत. दुसऱ्या खेपेला बहुतेकांचं बरोबर येतं. डॉक्टरी शिक्षणात याला टीच बॅक म्हणतात, शोध काही माझा नाही. यात परीक्षा पेशंटची नसते, सांगणाऱ्याची असते, म्हणून विचारतानाही "मी नीट सांगितलं का ते बघू" असं म्हणायचं. तीन-चार मिनिटं लागतात.

संख, उमदीकडच्या लोकांचं अजून वेगळं. तिकडं घरात कानडी. पोराला मराठी येतं, पण औषध देणाऱ्या अव्वाला येत नाही. इंग्रजी कार्ड, मराठीत सांगणं, कानडीत करणं. मी पोरालाच फोनवर कानडीत रेकॉर्ड करायला लावतो. एकेक स्ट्रिप हातात धरून बोलायचं, मुंजाने ही, ऊटा झाल्यावर ही. माझं कानडी तेवढ्यापुरतंच. पण तो आवाज घरी दहा वेळा ऐकता येतो, कागदाचं तसं होत नाही.

कायद्यात काही नाही असं समजू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद आहे. पेशंटला त्याच्या आजाराची, उपचाराची माहिती त्याला समजेल अशा पद्धतीनं, त्याला येणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे, असं तिच्यात आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१९ मध्ये ती राज्यांना लागू करायला सांगितली. आपल्या राज्यात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ ला दुरुस्ती झाली, त्यात रुग्ण हक्कांची सनद दवाखान्यात दर्शनी भागात लावायची तरतूद आली. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर शोधा. आमच्या धंद्यालाही सूट नाही. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ प्रमाणं औषध कसं घ्यायचं, कसं ठेवायचं, डोस चुकला तर काय करायचं हे समजावणं नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच आहे. किती मेडिकलांत फार्मासिस्ट खरोखर काउंटरवर उभा असतो आणि किती ठिकाणी फक्त त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर उभं असतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. बाळंतिणीच्या बाबतीत जमलंय. दवाखान्यात बाळंतपण होऊन बाई घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळाला अंगावर कसं घ्यायचं, ऊब कशी द्यायची, कुठली लक्षणं दिसली की दवाखाना गाठायचा, हे घरात बसून, आजीसमोर, तिच्या भाषेत सांगतात. म्हणजे घरी पाठवल्यावरच खरी जोखीम सुरू होते, हे सरकारला कळलेलं आहे. मग स्टेंट बसवलेल्या, लकवा झालेल्या, नव्यानं इन्सुलिन सुरू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात एक तरी भेट, निदान एक फोन का नाही? आशाताईंवर आधीच कामं लादलेली आहेत, मानधनासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात, त्यामुळं हेही त्यांच्याच डोक्यावर टाका असं मी म्हणणार नाही. फोन दवाखान्यानं करावा. पेशंटचा नंबर ऍडमिट करतानाच लिहून घेतलेला असतो.

मोठ्या दवाखान्यांना मी काय सांगणार. पण आपल्या ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती आहे, आणि गावातले चार-पाच डॉक्टर माझ्या शब्दाला मान देतात. त्यांच्यापुढं एक घरचा कागद ठेवणार आहे. एकच पान, पुढून मराठी, मागून कानडी. वर आजार काय झाला ते साध्या शब्दांत. मधे गोळ्यांचा तक्ता, सकाळला सूर्य, रात्रीला चांदणी, आणि प्रत्येक गोळीपुढं ती कशासाठी आणि कधीपर्यंत. जुन्या कुठल्या बंद, त्याची वेगळी ओळ. आणि सगळ्यात खाली, ठळक, काय झालं तर लगेच निघायचं, आणि रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा. आज कार्डावर रिसेप्शनचा नंबर असतो, तो रात्री कुणी उचलत नाही. १०८ तर आहेच, पण "टाक्यातून पाणी येतंय, हे नेहमीचं का?" हे १०८ ला विचारता येत नाही.

तोवर तुमच्याकडून एक हवंय. घरात कुणाची सुट्टी असेल तेव्हा गाडीत एक जागा औषध देणाऱ्या बाईसाठी ठेवा. माणसं चार कमी न्या, पण तिला न्या. ते जमलंच नाही तर सिस्टर सांगत असताना तिला फोन लावून स्पीकरवर ठेवा.

घरच्या कागदाचा कच्चा नमुना काउंटरवर ठेवलाय. मराठी बाजू झालीय. कानडी बाजूला "लागली तरच घ्या" आणि "आठवड्यातून एकदाच" ही दोन वाक्यं मला पटत नाहीत, पुस्तकी वाटतात. ज्यांच्या घरात कानडी बोलतात त्यांनी येऊन एकदा वाचून बघा, आणि जमलं तर घरातल्या अव्वालाच घेऊन या. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते.